आईची हरकत

माझी आई भांडते. ही तक्रार नाही. कुणी आपल्या आईचा दमा सांगतं, कुणी गुडघे, तसं मी हे सांगते. औषधांच्या दुकानदाराशी ती गोळ्यांवरून भांडते, बसच्या कंडक्टरशी थांब्यावरून, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडायला तिला कारणही लागत नाही. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा आधी हसतो, मग घड्याळ बघतो आणि शेवटी हो म्हणून सुटका करून घेतो. जगात एकाच माणसापुढे तिचा आवाज कधी चढलेला नाही, आणि तो माणूस म्हणजे माझा नवरा. तो आला की ती टीव्हीचा आवाज कमी करते, खुर्चीत सरळ बसते आणि मला म्हणते, "अगं, बघत काय बसलीस? जावईबापूंना पाणी दे." जावई या प्राण्यात एवढं काय असतं ते मला कळलेलं नाही. मी त्याला रोज बघते.

तो पालिकेच्या धोरण कक्षात अधिकारी आहे. धोरण कक्ष म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, चार टेबलं, भिंतीवर शहराचा नकाशा आणि खिडकीत एक कुंडी, जिला पाणी घालणं कुणाच्याच कामात येत नाही. तिथे सगळं भविष्यकाळात लिहितात. राबवण्यात येईल, प्रोत्साहन देण्यात येईल, दक्षता घेण्यात येईल. या वर्षी माझ्या नवऱ्याकडे हरित सेवा धोरण आलं. वाचनालयं, व्यायामशाळा, सभागृहं, अशा पालिकेच्या सगळ्या इमारतींना गुण द्यायचे. वीज किती जळते, पाणी किती जातं आणि त्या मानाने माणसं किती येतात, ते बघायचं. जी इमारत सगळ्यात खाली येईल ती बंद करून पाडायची आणि तिथे झाडं लावायची.

नवरा सरळ माणूस आहे, कधीकधी नको इतका. त्याने पद्धत अशी ठेवली की नियम आधी आणि नावं नंतर. नियम पक्के होऊन त्यावर सही होईपर्यंत इमारतींची नावं झाकलेली, नुसते क्रमांक. म्हणजे कुणाला आपल्या आळीतली इमारत वाचवायला वाव नको. पालिकेत त्याचं फार कौतुक झालं. सही झाली, नावं उघडली, आणि सगळ्यात खाली निघालं दुपार केंद्र.

बस डेपोच्या मागच्या या बैठ्या इमारतीत दुपारी म्हातारी माणसं जमतात. पत्ते, पेपर, चहा आणि एकमेकांच्या दुखण्यांची चौकशी. छप्पर गळतं, गिझर जुना आहे, आणि पुढच्या खोलीचे दिवे दिवसभर जळतात, कारण बटण एका जड कपाटाच्या मागे गेलंय आणि कपाट हलवायला तिथे कुणाची कंबर धड नाही. बाबा गेल्यापासून माझी आई रोज तिथे जाते. सकाळभर ती घरात असते ती फक्त दुपारची वाट बघायला. एकदा केंद्र आठवडाभर दुरुस्तीला बंद होतं, तेव्हा ती स्वयंपाक करेनाशी झाली होती. एकटीसाठी काय करायचं, म्हणाली. त्या आठवड्यात ती कुणाशीही भांडली नाही आणि मी घाबरले होते.

नवऱ्याने मला हे सांगितलं तेव्हा तो बूट न काढताच दारातल्या स्टुलावर बसला होता.

"आपलेच दात, आपलेच ओठ," मी म्हटलं. "बदल की मग."

"आता मला हात लावता येत नाही. सासूबाई तिथे जातात हे मी वर कळवलंय. मी चकार शब्द बोललो तर सगळं धोरणच संशयात येईल."

"मग आईनं काय करायचं?"

"सुनावणी आहे ना. लोकांमधून एक जरी ठोस हरकत आली तर दुरुस्तीचा पर्याय बघावा लागतो. छप्पर, गिझर, दिवे. होण्यासारखं आहे सगळं." मग बऱ्याच दिवसांनी तो हसला. "आणि हरकत घ्यायला आई आहेत की."

"मी सांगून ठेवू का तिला?"

"अजिबात नको! ते पढवणं झालं. आणि त्यांना सांगायला कशाला लागतंय?"

मलाही ते पटलं. माशाला पोहायला कोण शिकवतं?

केंद्राच्या दारावर सुनावणीचं पत्रक लागलं त्या दुपारी आईचा फोन आला. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक खालची ओळ वाचण्याची खटपट करत होतं.

"हे पत्रक जावईबापूंचं का गं?"

"हो."

"सही त्यांचीच?"

"त्यांचीच."

"बरं," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुनावणी पालिकेच्या छोट्या सभागृहात होती. मी मागच्या रांगेत बसले. पुढे केंद्रातली सगळी मंडळी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. आई मधोमध, तिच्या एका बाजूला निवृत्त टेलर आणि दुसऱ्या बाजूला कर्नल. कर्नल सैन्यात कधीच नव्हते, पोस्टात होते, पण मिशांमुळे ते नाव पडलं. व्यासपीठावर अध्यक्षबाई, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी माझा नवरा, पेन्सिल घेऊन, हाताची घडी तोंडावर बोट.

अध्यक्षबाईंनी धोरण वाचून दाखवलं. दुपार केंद्राचं नाव आलं तेव्हा पुढच्या रांगा थोड्या हलल्या. मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाची हरकत?"

टेलर उठायला लागला. आईने त्याच्या शर्टाचं टोक धरून त्याला खाली बसवलं. मला वाटलं, पहिला मान तिला हवा असेल. ते तिच्या स्वभावात बसणारं होतं.

"कोणाची हरकत?"

कर्नल खाकरले. आईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो खोकलाच होता असं दाखवण्यासाठी त्यांना आणखी दोनदा खोकावं लागलं.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आई उठली. नवऱ्याने पेन्सिल कागदावर टेकवली. त्याचा चेहरा मला लांबूनही दिसत होता, त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"आमची काहीसुद्धा हरकत नाही," आई म्हणाली. "कागद ज्यांनी केलाय त्यांनी फार विचार करून केलाय. असे अधिकारी मिळायला भाग्य लागतं. आम्हा सगळ्यांचा पाठिंबा आहे." मग ती रांगेकडे वळली. "आहे ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. टेलरने टाळी वाजवली, मग बाकीच्यांनीही. अध्यक्षबाई म्हणाल्या की इतकी समंजस सुनावणी त्यांनी पाहिली नव्हती. माझा नवरा कागदाकडे बघत राहिला. त्याला काहीतरी लिहायचं होतं आणि लिहायला काहीच नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर आई आमची वाट बघत उभी होती. ती इतकी खुशीत होती की मला तिच्याकडे बघवेना.

"एकालाही तोंड उघडू दिलं नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "टेलरच्या मनात फार होतं. मी म्हटलं, खबरदार. जावयाच्या सहीला चारचौघांत नावं ठेवायची म्हणजे काय? तुमची मान खाली गेली असती."

"आई—"

"राहू द्या, आभार कसले मानता घरच्या माणसाचे. फक्त केंद्र बंद झाल्यावर आम्ही कुठे जमायचं तेवढं सांगून ठेवा. मी सगळ्यांना सांगितलंय, जावईबापूंनी आपली सोय बघितल्याशिवाय सही केलीच नसणार."

पायऱ्यांवरचे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. टेलर, कर्नल, काठ्या, पिशव्या. आणि माझा नवरा, जो घरात कधी खोटं बोललेला मला आठवत नाही, म्हणाला, "पर्यायी व्यवस्था विचाराधीन आहे."

"बघा!" आई टेलरला म्हणाली. "मी सांगितलं नव्हतं?"

मला त्याचा राग आला, तिचा आला, आणि त्या जावईपणाचा सगळ्यात जास्त आला. रस्ताभर मी त्याच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई सकाळीच आमच्याकडे आली, नवी जागा कुठली ते विचारायला. मुद्दाम सोफ्यावर न बसता ती लाकडी खुर्चीत बसली, कारण सोफ्यावर जावईबापू होते. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. त्याला मी आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं, तू सही केलीस, तूच सांग.

"आई, जागा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे अजून ठरली नाही."

"म्हणजे नाहीच. मी खोटं बोललो." तो सोफ्याच्या कडेला सरकला. "काल तुम्ही भांडाल म्हणून मी बसलो होतो. तुम्ही भांडला असतात तर केंद्र वाचलं असतं."

मी सुरी खाली ठेवली.  आईच्या मांडीवर केंद्रात न्यायची पिशवी होती, आत पत्त्यांचा जोड आणि चष्मा. पिशवीचे बंद ती नीट करत राहिली.

"मी बसवलं हो त्या टेलरला खाली," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक मी बाबा गेले तेव्हाच ऐकला होता.

"अजून वेळ गेलेली नाही. गुरुवारी धोरण सर्वसाधारण सभेत जाईल. तिथे लोकांना बोलता येतं."

"काय बोलायचं?"

"ते मी सांगू शकत नाही."

"पण तुमच्याविरुद्ध बोलायचं?"

"हो."

"सगळ्यांसमोर? नावानिशी?"

"नावानिशी."

"मला नाही जमायचं," आई म्हणाली. "तुमच्याकडे बघितलं की माझी जीभच वळत नाही."

नवरा सोफ्यावरून उठला. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून त्याने आईच्या समोर ठेवली आणि त्या खुर्चीत बसला, साहेबाने बोलावलेल्या कारकुनासारखा.

"मग आत्ता बघा माझ्याकडे," तो म्हणाला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कांद्याकडे पाहिलं. तिने पिशवी जमिनीवर ठेवली, घसा साफ केला, आणि म्हणाली, "जावईबापू, तुमचं जरा चुकलंच." मग थांबली. मग म्हणाली, "जरा नाही, चांगलंच चुकलं." आणि मग, "अहो, गुण कसले देता? पडक्या छपराला गुण देता, मग तिथे बसणाऱ्या माणसांना का नाही दिलेत? एकदा तरी आत येऊन बसलात का? कपाट हलवायला दोन माणसं पाठवता आली नाहीत, आणि इमारत पाडायला निघालात!"

शेजारच्यांची खिडकी उघडल्याचं मी ऐकलं. आईला आता लय सापडली होती. नवरा मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता, त्याचे कान लाल झाले होते, आणि ती श्वास घ्यायला थांबली की तो तेवढ्यापुरती मान वर करून म्हणत होता, "थोडं अजून मोठ्यानं, आई. मागच्या रांगेपर्यंत जायला हवं."