अकरा मिनिटं

चांगदेवने हेडलाइट लावले आणि मोबाइलमध्ये वेळ बघितली. शेडच्या मागच्या भिंतीवर दोन पिवळे डाग पडले.

"लागतायत की," रचना म्हणाली.

"थांबा ताई. जरा गरम होऊ दे."

हे थांबणं रचनाला पटत नव्हतं. आंबिवलीतल्या या इलेक्ट्रिशियनकडेच गाडी न्यायची, हा हट्ट तिच्या वडिलांचा, शिवरामांचा. आल्या आल्या दोघांनी एकमेकांना जयभीम केला, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली होती. माणूस ओळखीचा, पप्पांना हवं तेच बोलणार.

शिवरामांनी तीस वर्षं बस चालवली होती, एक ओरखडा न पाडता. पंधरवड्यापूर्वी मात्र शीळफाट्याच्या अलीकडे त्यांची गाडी दुभाजकावर चढली आणि शेजारी बसलेल्या रचनाच्या आईचा हात मोडला. "दिवे अचानक गेले," एवढंच ते सांगत राहिले. रचना पोचली तेव्हा दिवे लख्ख लागत होते. पप्पांना हल्ली दिसत नाही आणि कबूल करायची लाज वाटते, असं ती घरी सगळ्यांदेखत बोलली. त्यावर ते उठून आईची औषधं आणायला गेले होते.

"फ्यूज ठीक, बल्ब ठीक," चांगदेव म्हणाला. "पण काका म्हणतात दोन्ही एकदम गेले. म्हणजे दोघांना करंट जिथून जातो, तिथेच बघायला पाहिजे."

अकरा मिनिटांनी भिंतीवरचे डाग विझले.

"तुम्ही काही हलवलंत?" रचनाने ताडकन विचारलं.

"मी तर तुमच्या बाजूलाच उभा आहे ना, ताई."

त्याने स्टिअरिंगखाली वाकून टेस्टर लावला. स्विचपर्यंत करंट येत होता, पुढे जात नव्हता. स्विच काढून त्याने तिच्या तळहातावर ठेवला. तो अजून गरम होता. एका कडेचं प्लास्टिक वितळून काळं पडलेलं.

"तापला की तुटतो, गार झाला की परत लागतो. म्हणून तुम्हाला चालू दिसले. पण हे एका दिवसाचं काम नाही. आधी लुकलुकले असणार. कुणालाच कळलं नाही?"

रचनाची मूठ स्विचवर मिटली. दिवाळीत कल्याणहून परतताना गाडी तीच चालवत होती. दिवे दोनदा गेलेले. तिने स्टिअरिंगजवळच्या स्विचच्या दांडीला चापट मारली, ते लागले. 'उद्याच दाखवून घे,' शेजारून पप्पा म्हणालेले. ती हो म्हणालेली.

तिने मान वर केली. शिवराम तिच्याकडे बघतही नव्हते.

"नाही रे," ते चांगदेवला म्हणाले. "आधी कधीच काही झालं नव्हतं."

चांगदेव नवा स्विच शोधायला आत गेला. रचनाने फोन काढून आईचा नंबर लावला.

"राहू दे गं," शिवराम हळूच म्हणाले.

पण तिकडे आईने फोन उचलला होता.