बशीतली गोळी

आमच्या थोरल्या दिरांना सगळं कळतं. छत्तीस वर्षं पाणीपट्टीच्या कागदांवर शिक्के मारले, तेवढ्या भांडवलावर ते डॉक्टर झाले.

माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा गाठीबरोबर कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार बारीक ग्रंथीही गेल्या. मी कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला असते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी माझ्याच भाषेत समजावलं, "उन्हातून मिळणारं व्हिटॅमिन डी म्हणजे न शिवलेलं नुसतं ठाण. ते शिवणारा शिंपी तुमच्या अंगात आता बंद पडलाय. ही गोळी म्हणजे बाहेरून शिवून आलेला तयार कपडा. चुकवलीत तर कॅल्शियम उतरेल आणि हात आखडतील."

दिरांनी नाक मुरडलं. "कारखान्यात केलेलं व्हिटॅमिन? ऊन काय कमी पडलंय?"

मी कानाडोळा केला. आमचे हे मात्र रोज सकाळी चहाबरोबर बशीत गोळी ठेवायला लागले. एकोणीस वर्षांच्या संसारात इकडची काडी तिकडे न करणारा माणूस. मी खुळी, सुखावले. मध्येच गोळीचा रंग बदलला. "कंपनी बदलली," हे म्हणाले.

त्यानंतर पंधरा दिवसांत ओठांना मुंग्या यायला लागल्या. परवा तर कापड कापताना पात्यापाशीच बोटं आखडली. सुपरवायझर म्हणाला, पुन्हा असं झालं तर कटिंगवरून काढून घड्या घालायला बसवीन. वीस वर्षांचा माझा हात, आणि घड्या.

रविवारी दीर रक्तदाबाचं यंत्र काखोटीला मारून हजर. दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबदाबून हवा भरली, आणि ती सोडायचं विसरून प्रवचन सुरू केलं. "हिला काही धाड भरलेली नाही. सगळे मनाचे खेळ. आमच्या वेळी कुठे होती असली थेरं?"

दोन-तीन मिनिटं गेली असतील. माझा अंगठा तळव्यात वळला, मनगट झुकलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली. दीर घाईघाईने पट्टा सोडायला लागले.

"राहू द्या," मी म्हणाले. "नीट बघा. हेही मनाचेच खेळ का?"

ते माझ्याकडे बघेनात, भावाकडे बघत राहिले. आणि आमचे हे बशीकडे.

"काय घातलंत मला?" मी विचारलं.

"तेही व्हिटॅमिन डीच आहे," हे पुटपुटले. "साधं, नैसर्गिक. दादानेच आणून दिलं."

"आणि माझ्या गोळ्या?"

"दादाने फेकल्या."

म्हणजे पंधरा दिवस हा माणूस मला बशीतून ठाण वाढत होता.

दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम दिलं, तेव्हा कुठे बोटं सुटली. नर्सने विचारलं, "गोळ्या कोण देतं तुम्हाला?" हे पुढे सरसावले.

"द्यायचे," मी म्हटलं. "आता माझ्या मी घेईन."

गोळी गिळेपर्यंत हे रोज माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. मला ती माया वाटायची. दिरांचा नाही, त्या बघण्याचाच राग जात नाही.