दार उघडंच राहू द्या

"क्रीडा शुल्क काहून भरायचं? टेबल टेनिस खेळणार आहेस का तू या वयात?"

जबलपूरच्या सराफ्यातल्या, ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात एका बाकड्यावर आम्ही दोघं कोंबून बसलो होतो आणि हे माझ्या कानाशी कुरकुरत होते. हे म्हणजे विष्णुपंत, माझे यजमान, वीज मंडळातून निवृत्त. जन्मभर लोकांना बिलं लावली, त्यामुळे स्वतःला लागलेलं बिल त्यांना सोसत नाही. दुकानवाला पडद्यावरचं एकेक शुल्क वाचत होता. क्रीडा, छात्रसंघ, वार्षिक उत्सव, आरोग्य तपासणी, सायकल स्टँड, सम्मिलित निधी.

"सम्मिलित निधी म्हणजे काय असतं, भैया?"

"अंकल, जो बाकी में नहीं आया, वो इसमें आ गया."

"अन् सायकल स्टँड? ही तर ई-रिक्षानं जाईल."

"अनिवार्य है, अंकल."

मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेत होते. वय बावन्न. बारावीनंतर लग्न झालं. मग हाताला लागेल ते वाचत, पुड्यांचे कागदसुद्धा, जे काय शिकले ते शिकले. कॉलेजात प्रवेशाला आता वयाची अट राहिली नाही हे कळलं, तेव्हा घरात कोणाला न विचारता आधी मार्कशीट शोधून ठेवली.

"दाबा बटण," मी म्हटलं. "अन् हो, खेळणार आहे."

बोलायला बोलून गेले. पण दुकानाच्या पायऱ्या उतरताना हात शिवशिवायला लागले होते. बाबा खमरियाच्या फॅक्टरीत होते. तिथल्या क्लबात संध्याकाळी टेबल टेनिस चालायचं आणि लग्न ठरेपर्यंत मी ते रोज खेळले. सासरी टेबल एकच होतं, इस्त्रीचं.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात क्रीडा अधिकाऱ्यांना गाठलं. अनुपम सर, तिशीचे, स्वभावानं इतके गरीब की 'नाही' म्हणायची वेळ आली की चष्मा पुसायला घेतात.

"मॅडम, टेबल तो है. लेकिन..."

ते 'लेकिन' मीटिंग हॉलमध्ये सापडलं. पांढरी चादर अंथरून टेबलावर पाहुण्यांची जेवणं मांडली जात होती. चादर उचलली तर डाव्या कोपऱ्यात कढीचा हा एवढा डाग.

"सर, ह्याचे पैसे आम्ही सगळ्यांनी भरलेत. जेवायला नाही भरले."

सरांनी चष्मा काढला. तोवर मागे गर्दी जमली होती. अवंतिका आणि प्रणाली, माझ्याच वर्गातल्या, बाह्या सरसावून पुढे आल्या. "आंटी, आपण घेऊन जाऊ. कोणी काही नाही म्हणत." आम्ही ते टेबल व्हरांड्यातून मिरवत नेलं. मुली वर्गांतून डोकावून हसत होत्या, कोणी टाळ्या वाजवल्या. क्रीडा कक्षाचं कुलूप तेल घालून उघडलं. आतल्या बंद हवेला एवढा वास की दाराला अर्धी वीट लावून ते सताड उघडं ठेवलं.

नेट बांधलं, पहिली सर्व्हिस केली. चेंडू नेटवरून गेला आणि कढीच्या डागावर पडला. मनगटाला सगळं आठवत होतं, मलाच आठवत नव्हतं.

मग रोजचंच झालं. तास संपला की आम्ही धावत सुटायचो. मी धावते आहे हे मला पोहोचल्यावर कळायचं. ओढणी कंबरेला, केस वर. अवंतिका तडाखे मारायची, प्रणाली भांडायची. आणि सलोनी यायची. सिहोऱ्याहून बसनं येणारी, डावरी, हात असा मऊ की चेंडू तिचं ऐकायचा. पण माणसं बघत असली की थरथरायची, आणि आवाज तर जणू घरीच ठेवून यायची. सर्व्हिसच्या आधी स्कोर मोठ्यानं सांगायचा असतो. ही नुसते ओठ हलवायची.

"ऐकू नाही आलं."

"चार-सहा."

"कोणाला सांगून राहिली, बॉलला? मला ऐकू नाही आलं तर पॉइंट माझा."

असे तिचे किती पॉइंट मी खाल्ले असतील. ती चिडायची, पण चिडायचीही हळूच.

डिसेंबरात आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची तारीख आली. सर धापा टाकत सांगायला आले. आमच्या कॉलेजातून मुलींची टीम कधी गेलीच नव्हती. आम्ही चौघींनी त्या खोलीत जो काही गलका केला, तो ऐकून ग्रंथालयातून माणूस आला.

त्याच दिवशी उडालेला चेंडू दारामागे गेला. वीट सरकवून दार ओढलं, तर मागे भिंतीवर स्पर्धेचे नियम चिकटवलेले. खेळाडूचं वय पंचवीसच्या आत हवं. मी चेंडू उचलला, दार पुन्हा भिंतीला लावलं आणि वीट पायानं घट्ट बसवली.

"सापडला का, आंटी?" अवंतिकानं विचारलं.

"सापडला."

मग थंडी वाढली. जबलपूरची थंडी, बोटं बॅटवर चिकटतील अशी. उघड्या दारातून वारा आत घुसायचा, प्रणालीचं नाक लाल व्हायचं, सर मफलर गुंडाळून कुडकुडत उभे राहायचे. पण दार लावू या, असं कोणी म्हणेना. तेव्हा मला कळलं की तो कागद सगळ्यांनीच वाचला आहे. सर माझ्याशी बोलताना सारखा चष्मा पुसायचे. मुली म्हणायच्या, "आंटी, तुमच्याशिवाय काय मजा." मीही हसायचे. कोणी बोलत नव्हतं तोवर मी टीममध्ये होते.

एकदा संध्याकाळी हे मला न्यायला आले. "अरे, दार तर लावा, काय बर्फ करून ठेवलाय," म्हणत वीट बाजूला केली, दार लावलं, आणि तिथेच उभे राहिले. माझी सर्व्हिस चुकली. ह्यांनी घसा खाकरला, दार पुन्हा उघडलं, वाकून वीट जागेवर ठेवली. "राहू द्या उघडंच," म्हणाले. "हवा बरी असते."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी मला पांढरे बूट आणले. किंमत सांगितली नाही, कुरकुर केली नाही. चहा देताना मीच म्हटलं, "काय झालं हो? बरं नाही का?"

"घालून तर पाहा," म्हणाले.

सामन्यांच्या दिवशी दुसऱ्या कॉलेजचा हॉल नुसता उसळत होता. एकाच वेळी आठ टेबलं, चेंडूंची टकटक, शिट्ट्या, घोषणा. सरांनी निळी जॅकेटं वाटली, चार. माझ्या बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, त्या मी दुमडल्या. हे वर गॅलरीत थर्मास घेऊन बसले होते. मी खेळणार नाही हे कसं सांगायचं ते घरून जुळवून आणलं होतं, वाक्य छोटंसं, हसत म्हणण्यासारखं. पण सलोनीनं सरावाला एक चेंडू टाकला, मी तो परत मारला, तो टेबलाची कड चाटून गेला, आणि वाक्य कुठल्या कुठे गेलं. एक मॅच, मनात म्हटलं. नावं घेणारीनं मान वर केलीच नाही तर एक मॅच.

नावं घ्यायला राजश्री मॅडम होत्या. आमचं मराठी ऐकून खुलल्या. "अच्छा, आपलीच माणसं! चलो, लौकर सांगा. टीममध्ये तिघी. पहिली?"

"अवंतिका."

"दुसरी?"

"प्रणाली."

"तिसरी कोण?"

सरांनी चष्मा काढला. अवंतिका केसांचा रबर काढून पुन्हा बांधू लागली. प्रणाली छताकडे बघत होती. वर गॅलरीत ह्यांनी थर्मासचं झाकण उघडलं आणि चहा ओतलाच नाही. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. ती बांधलेलीच होती.

"अरे, तिसरी कोण? मागे लाइन लागली आहे."

माझ्या मागून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं.

"ऐकू नाही आलं," मॅडम म्हणाल्या.

"मी," सलोनी म्हणाली.

"मग ह्या कोण? जॅकेट तर ह्यांनी घातलंय."

मी नाडी हातात धरून तशीच राहिले. सलोनी माझ्या शेजारून पुढे गेली. आवाज तिनं आज सिहोऱ्याहून बरोबर आणला होता. शेजारच्या टेबलावरचा खेळ थांबून माणसं वळून बघायला लागली.

"आंटी नाही खेळू शकत, मॅडम. त्यांचं वय निघून गेलं."

मला स्वच्छ ऐकू आलं. पॉइंट तिचा.