सुतळीला बांधलेले पेन

सुतळीच्या टोकाला लोंबणारे ते निळे पेन—टोपण हरवलेले, मागचे टोक कुणाकुणाच्या दातांनी पांढरे झालेले—सूचनावहीच्या कडेवरून घसरले आणि टेबलापाशी हेलकावत राहिले... निखतने हात पुढे केला नाही. ऑगस्टच्या त्या आठवड्यात स्वाइन फ्लूमुळे विद्यार्थ्यांना सुट्टी होती. शिरूरच्या या महाविद्यालयातल्या बेचाळीस कर्मचाऱ्यांना नव्हती. त्यांच्यासाठी सात कलमांची नियमावली निघाली होती. ती निखतने लिहिली होती, इतिहासाच्या प्राध्यापिकेला शोभेल अशी : एकही शब्द सैल नाही, एकाही क्रियापदाला पळवाट नाही.

आणि ती वाचल्याची सही प्रत्येकाने करायची होती—याच वहीत, याच पेनाने. हेडक्लार्क हौसराव बोट जिभेला लावून पान उलटत, 'परस्परांच्या वस्तू हाताळू नयेत' हे तिसरे कलम खड्या आवाजात वाचत, आणि पेन पुढच्याच्या हाती देत. चाळीस पदवीधर, चाळीस सह्या! निखतचा संताप कधी तापत नसे. तो गोठत असे, आणि गोठला की त्याला धार येई. विद्यार्थिदशेत इनामगावच्या उत्खननात तिने तीन हजार वर्षांपूर्वीचे सांगाडे पाहिले होते, घोट्याखाली पाय तोडलेले—मृतांनी उठून कुठे जाऊ नये म्हणून, असे अभ्यासक म्हणत. घोड नदीकाठच्या त्या माणसांना निदान आपले नियम पाळता येत होते...

तीन वाजता संस्थेचे अध्यक्ष येणार होते. नियमावली त्यांच्यासमोर निखत वाचणार होती. सव्वीस वर्षांत या सभागृहाच्या व्यासपीठावर तिला कुणी बोलावले नव्हते—आज बोलावले होते, तिच्याच वाक्यांसाठी. घशात मात्र सकाळपासून काटे होते. अंग कोमट... छे, खिडकीतले ऊन. सहावे कलम तिला विशेष प्रिय : 'ज्यास घसादुखी वा ज्वर आहे, त्याने आवारात क्षणभरही थांबू नये, पद, ज्येष्ठता वा निकड ही सबब ठरणार नाही.' ती शेवटची अट तिने प्राचार्यांशी भांडून ठेवून घेतली होती.

ती खोकली. वही घेऊन आलेली शिपाई सखूबाई दोन पावले मागे सरली, पदर नाकावर ओढून.

"मॅडम, घसा बसलाय तुमचा."

"धूळ आहे."

"कुठली धूळ? आत्ताच पुसलंय म्या. सव्वं कलम हाय ना? घरी जावा."

"तुम्हाला कुणी सांगितलं सहावं कलम?"

"मला कुठं वाचता येतंय. हौसरावांकडनं दोन येळा वाचून घेतलं. कुणी का आसंना, थांबायचं न्हाई."

"अध्यक्ष येणार आहेत, सखूबाई."

"येऊ द्या की. खोकत आलं तर त्यास्नीबी गेटावरनंच माघारी लावीन."

निखतला हसू आले, आणि त्याच क्षणी ते घशात टोचले. तिने वहीकडे पाहिले. तिच्या स्वतःच्या कोऱ्या ओळीखाली आणखी एक ओळ कोरी होती, शेवटची.

"तुमचा अंगठा नाही इथं?"

"न्हाई लावला. त्या शिक्क्याच्या शाईगादीला समद्यांचं हात लागल्यात. तिसरं कलम न्हाई व्हय?" सखूबाईने मान ताठ केली. "हौसराव वरडलं. वरडू द्या."

सभागृहातून माइक तपासल्याचा आवाज आला—हॅलो, हॅलो. बेचाळिसांत एकीने नियमावली वाचली होती, आणि तिला वाचता येत नव्हते. निखतला वाटले होते की अपमान जाणवेल; जाणवला तो एक अनोळखी, जवळजवळ उद्धट अभिमान—स्वतःच्या वाक्यांचा नव्हे, किंवा स्वतःच्याच, पण ती आता सखूबाईच्या तोंडची होती, आणि तिथे अधिक ताठ उभी होती. उठावे... की फक्त दहा मिनिटे, वाचून लगेच? निकड ही सबब ठरणार नाही. सखूबाई दार अडवून उभी नव्हती. दारापासून नीट अंतर राखून उभी होती, जायला वाट ठेवून. निखतने पर्स मांडीवर घेतली आणि ती त्या मोकळ्या वाटेकडे पाहत राहिली, जसे आपल्याच अक्षरातले, पण पहिल्यांदाच समजलेले पान पाहावे.