चंचलच्या जागेवरचा पाला

अश्वजित खैरटोल्याच्या फाट्यावर बसमधून उतरला तेव्हा त्याच्या झोळीत दोनच वस्तू होत्या. त्याच्या कादंबरीची नवी प्रत आणि एक कोरी वही. प्रत मूळ गोष्ट सांगणाऱ्या सोनीबाईला द्यायची होती, वही तिच्या आणखी गोष्टींनी भरून न्यायची होती. ‘वाघावरची बाई’ भरपूर खपली होती आणि प्रकाशकाला दुसरा भाग हवा होता.

भुताखेतांवर अश्वजितचा काडीचा विश्वास नव्हता. घरात लहानपणापासून बुद्धवंदना, भूत म्हटलं की आई हसायची. म्हणूनच तो बिनधास्त होता. ज्यावर आपला विश्वासच नाही, त्याची गोष्ट उचलली तर चोरी कसली?

गावाच्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे ती जागा होती. चार वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना सोनीबाईच्या लेकीला, चंचलला, वाघानं इथूनच नेलं. वाघानं माणूस मारलं त्या जागी येणाऱ्या-जाणाऱ्यानं हिरवा पाला टाकायचा, ही इथली रीत; मेलेलं माणूस भूत होऊन त्याच वाघावर बसतं, असं मानतात. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा ढीग कमरेएवढा होता. त्यानंही एक डहाळी टाकली होती, मोबाईलमध्ये फोटो चांगला यावा म्हणून.

आज ढीग गुडघ्याखाली बसला होता. वाळून करपलेला. एका कडेला तेवढा थोडा ताजा पाला.

समोरून सायकलवर एक माणूस आला. जागा जवळ येताच खाली उतरला, सायकल खांद्यावर घेतली आणि धानाच्या बांधीतून वळसा घालून पलीकडे निघाला.

‘‘भाऊ, पाला नाही टाकत?’’ अश्वजितनं हाक मारली.

‘‘नवीन दिसता जी. आता कोन टाकते? मंडईच्या जत्रेत नाटकाच्या मांडवाबाहेर पुस्तक भेटलं, पानठेल्यावर वाचून झालं अख्खं. त्याच्यात लिवून हाय, जो पाला टाकते त्याचं नाव ते चंचल वाघाले सांगते. माहीत होतं तं आधी काऊन नाई सांगतलं कोनी? चार वर्सं टाकून राह्यलो ना फुकट!’’ तो हसला, पण जागेकडे त्यानं पाहिलं नाही. ‘‘मी दसरू. तुमी कोनाकडचे?’’

अश्वजितचा हात झोळीवर गेला. पुस्तकावर मागच्या बाजूला त्याचा फोटो होता.

‘‘असाच,’’ तो म्हणाला. ‘‘पाहुणा.’’

वाघानं नेलेल्या बाईचं नावसुद्धा त्यानं बदललं नव्हतं. चंचल. कादंबरीत काय शोभलं होतं ते नाव!

सोनीबाई अंगणात पळसाच्या डहाळ्या मोडून त्यांचा भारा बांधत होती. तिनं त्याला लगेच ओळखलं. बाजेवर बसवलं, काळा चहा दिला. झोळीतलं पुस्तक त्यानं काढलंच नाही.

‘‘बाई, एवढा पाला?’’

‘‘बेचाळीस घरं हायेत गावात. कोनी टाकत नाई आता. मंग घराघराच्या नावानं मीच टाकून येते. तिले काय समजते, कोनी टाकला?’’

अश्वजितनं कप खाली ठेवला.

‘‘ते पुस्तक तूच लिवलं म्हनतेत,’’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. ‘‘मले वाचता येत नाई. पन माह्यी गोष्ट तं अशी नोहती बापा.’’

‘‘तुम्हीच सांगितली होती, बाई. चंचल वाघाच्या मानेवर बसते, वाघ गावाकडे निघतो...’’

‘‘अन् पुढं?’’

‘‘पुढं तुम्ही थांबलात.’’

‘‘थांबन नाई तं काय! तू हुंकार देला नाई. गोष्ट आयकनारा हूं म्हनते, मंग सांगनारा पुढं जाते. तू मोबाईल पाहून राह्यला होता, आवाज भरते का नाई भरत. मले वाटलं, याले नाई पायजे पुढचं. तू उठला तं मी म्हनली बी, बाकीची आयकून जा. तं तुले मूल गावची गाडी पकडाची होती.’’

खरं होतं. गाडीतच त्यानं शेवट रचला होता. चंचल वाघाला पाला टाकणाऱ्या एकेकाच्या दारी नेते, असा. लिहिताना स्वतःच्याच अंगावर काटा आला होता आणि तो स्वतःवर भलता खूश झाला होता.

‘‘आता सांगा,’’ तो म्हणाला. मान वर होत नव्हती.

‘‘वाघ निंगाला गावाकडं.’’

‘‘हूं.’’

‘‘चंचल त्याच्या मानेवर. तिनं त्याचे कान धरले, हे असे. अन् तोंड फिरवलं जंगलाकडं.’’

‘‘हूं.’’

‘‘रोज तो गावाकडं येते, रोज ते त्याले फिरवते. पन वाघाची मान, लेकराची नोहे. हात दुखतेत तिचे. मंग जानारा-येनारा पाला टाकते. त्या पाल्यावर घडीभर टेकते बिचारी.’’

अश्वजितनं तोंड उघडलं. हुंकार आला नाही. सोनीबाई थांबून राहिली.

‘‘हूं,’’ तो कसाबसा म्हणाला.

‘‘झाली गोष्ट.’’ तिनं भाऱ्याची गाठ आवळली. ‘‘आता जा पानठेल्यावर. सांग त्यायले.’’

पानठेल्यावर पाच-सहा जण होते, त्यात दसरूही. अश्वजितनं झोळीतून पुस्तक काढलं, मागचा फोटो त्यांच्यापुढे धरला. ‘‘हे मी लिहिलं. पाल्याचं जे लिहिलंय ते खोटं आहे. माझ्या मनाचं आहे.’’

एकानं पुस्तक हातात घेऊन फोटो निरखला. मग दसरू म्हणाला, ‘‘पाहुना म्हने! खोटं होतं तं छापलं काऊन?’’

‘‘खपावं म्हणून.’’

‘‘अन् हे आता खरं सांगून राह्यले, कशावरून?’’ दसरूनंच पुढं विचारलं.

सगळे हसले. कुणीतरी त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा केली, ते हसण्याहून जास्त लागलं. तो बसला नाही.

तो जागेपाशी आला तेव्हा सोनीबाई भारा उतरवून वाटेच्या कडेला बसली होती. त्यानं पळसाची एक डहाळी मोडली, ढिगावर टाकली आणि उभा राहिला.

‘‘ते तुह्या नावची झाली,’’ ती म्हणाली. ‘‘गावाची राह्यली ना. आज तूच टाक. माह्ये बी हात दुखतेत.’’

ती एकेका घराचं नाव घेई, तो हूं म्हणे आणि डहाळी टाके. भागीरथाचं घर. हूं. गोपालचं घर. हूं. मागे सायकलची घंटी वाजली, पण त्यानं वळून पाहिलं नाही.

‘‘दसरूचं घर,’’ सोनीबाई मुद्दाम मोठ्यानं म्हणाली.

‘‘हूं,’’ अश्वजित म्हणाला आणि वाकला. मागे सायकल पुन्हा धानाच्या बांधीत उतरल्याचा आवाज झाला.