घाटावर दिलेला शब्द

शालनच्या दशक्रियेला कावळा काही शिवेना. अख्खं खुटबाव नदीच्या घाटावर उन्हात उभं होतं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, पण एकही खाली यायला तयार नव्हता. तिच्या नवऱ्यानं, हनुमंतनं, हात जोडून सगळं सांगून पाहिलं. आबांना सांभाळीन, तुझी गाय विकणार नाही, घराला कुलूप लागू देणार नाही. कावळे जागचे हलले नाहीत. बाईचा जीव पोरीत अडकलाय, असं लोक आपसात बोलू लागले.

तेव्हा जयसिंगदादांनी माईक हातात घेतला. शिरूरला त्यांचं खाजगी कॉलेज होतं, शिरूरच्या आणि खुटबावच्या अशा दोन्ही तालुक्यांत वजन होतं, आणि त्या सकाळी आणखी दोन ठिकाणच्या दशक्रिया उरकून ते इथं पोचले होते. ते म्हणाले, "शालनताई, निवांत जा. धनश्री आजपासून आमच्या संस्थेची लेक. तिच्या शिक्षणाची जबाबदारी आमची."

माईक खाली ठेवायच्या आत एक कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावून गेला.

बघणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. हनुमंतला हुंदका आवरेना. धनश्रीची बारावी त्याच साली झाली होती. तिनं पुढं कुठं जायचं हा प्रश्नच मग उरला नाही. ती शिरूरला दादांच्या कॉलेजात बी.एस्सी. करू लागली, तिथल्याच वसतिगृहात राहू लागली. हनुमंत कुरकुंभच्या केमिकल कंपनीत पाळीवर जायचा आणि यायचा. शालन गेल्यापासून उशीर का झाला असं त्याला कुणी विचारत नव्हतं, म्हणून तो बऱ्याचदा उशिराच यायचा.

वर्ष सरत आलं तशी एका रविवारी धनश्री घरी आली. चहा पुढं ठेवून म्हणाली, "आप्पा, तुम्हाला न विचारता मी एक केलंय."

हनुमंतनं कप खाली ठेवला. "पोरगा कोण हाय?"

"पोरगा नाही हो! पुण्याचं विद्यापीठ आहे."

ओट्यावर बसलेल्या हरिबांनी, म्हणजे हनुमंतच्या वडिलांनी, आबांनी, आतल्या दिशेला तोंड केलं. "मंग बरं झालं. पोरापरीस ते मोठं असतंय."

धनश्रीनं सगळं सांगितलं. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात दुसऱ्या वर्षाच्या थोड्या जागा रिकाम्या झाल्या होत्या. त्यासाठी तिनं परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि तिची निवड झाली. पहिल्या वर्षाचे गुणही तिकडं धरले जाणार होते.

"आन् इथं काय वाईट हाय?" हनुमंतनं विचारलं.

"वाईट नाही आप्पा. पण प्रयोगशाळेतली चांगली यंत्रं काचेच्या कपाटात कुलपात असतात. तपासणीची समिती आली की काढतात, ती गेली की परत आत. मी वर्षभर ती बाहेरनं पुसली. तिकडं ती विद्यार्थ्यांच्या हातात देतात."

हनुमंतला कंपनीतली प्रयोगशाळा आठवली. तोही तिथं नमुन्याची बाटली खिडकीतून आत द्यायचा. आत काय होतं ते त्याला कधी दिसलं नव्हतं. आपली पोरगी खिडकीच्या आतल्या बाजूला उभी आहे असं त्याच्या मनात आलं आणि ऊर भरून आला. ही बातमी शालनला सांगावी म्हणून त्यानं स्वयंपाकघराकडं मानही वळवली. मग त्याला आठवलं.

"कॉलेज दाखला देतंय का?"

"तेच तर. क्लार्क म्हणतात दादांना विचारा. दादा म्हणतात बघू. महिनाअखेरपर्यंत दाखला दिला नाही तर जागा जाईल."

दादांचंही कळण्यासारखं होतं. धनश्री कॉलेजात पहिली आली होती. शिरूरच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता आणि त्यावर दादा हात जोडून हसत होते. नव्या प्रवेशांच्या तोंडावर फ्लेक्सवरचीच मुलगी निघून गेली तर लोक काय म्हणतील?

पण हनुमंतला घोर लागला होता तो दुसराच. तो हळूच म्हणाला, "पोरी, तुझ्या आईला शब्द दिला तवा कावळा शिवला. साऱ्या गावानं बघितलं. आता ते कॉलेज सोडलं म्हंजी आईला दिलेला शब्द मोडला. तिचा जीव पुन्हा अडकंल."

धनश्री उठून कप विसळायला गेली. तिलाही कुठंतरी तीच भीती असावी.

हरिबांना राहवलं नाही. "हनम्या, तुझी बायको काय कॉलेजचं नाव ऐकून शिवली व्हय? पोरीचं नाव ऐकून शिवली. त्या जयसिंगानं कुठं म्हणलं, माझ्याच कॉलेजात शिकवीन म्हणून? शिक्षणाची जबाबदारी आमची, एवढंच बोलला."

"आन् दादांनी ऐकलं न्हाई तर, आबा?"

"शब्द त्यानं चार लोकांत दिला. तूबी चार लोकांतच माग. बंगल्यावर गेलास तर चहा पाजून वाटंला लावंल."

वर्षश्राद्ध पुढच्या आठवड्यातच होतं. घरापुढं मांडव पडला, प्रवचन झालं, पंगतीची पानं मांडून ठेवली होती. अजून एका ठिकाणी जायचं आहे असं सांगतच जयसिंगदादा गाडीतून उतरले. श्रद्धांजलीला ते उठणार एवढ्यात हनुमंत उठला आणि त्यानं माईक घेतला. लोक चकित झाले. हा माणूस ग्रामसभेतसुद्धा कधी बोलला नव्हता.

माईक आधी किंचाळला. मागून कुणीतरी ओरडलं, "जरा लांब धर हनुमंता, खायचा न्हाई तो!" मांडवात हसू पसरलं. त्या हशानं हनुमंतलाही जरा धीर आला.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "गेल्या साली घाटावर दादांनी शब्द दिला आन् शालन सुटली. ते उपकार मी विसरणार न्हाई. दादांनी शब्द पाळला, पोरीला शिकवलं. असं शिकवलं की पुण्याच्या विद्यापीठानं तिला परीक्षा घेऊन निवडलं. रसायनशास्त्राला. आमच्या घरात माझ्या बापानं मेंढरं राखली, मी कंपनीत बाटल्या पोचवतो. ही पोरगी विद्यापीठात चालली." मग तो माईक घेऊन दादांकडं वळला. "दादा, शब्द पोरीच्या शिक्षणाचा होता. तो पुरा व्हायला आता तुमच्या हातचा दाखला पायजे. शालनसमोर मागतो."

मांडवातल्या सगळ्या नजरा दादांकडं वळल्या. मेजावर हार घातलेला शालनचा फोटोही होता. दादांनी एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा लोकांकडं. राग आला असेल तर त्यांनी तो दिसू दिला नाही. उभ्या आयुष्यात त्यांनी असे कितीतरी मांडव पाहिले होते आणि कुठल्या वेळी काय बोलावं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

ते उठले. "हनुमंतराव, मागायचं काय त्यात? ही संस्थेची लेक आहे. लेक सासरी जाते तेव्हा बाप अडवतो का? उद्या सकाळी या, दाखला तयार असेल." मग खिशातून फोन काढून त्यांनी सगळ्यांदेखत ऑफिसला लावला. टाळ्या पडल्या. हरिबा शेजारच्याला म्हणाले, "बघ, आता नवा फ्लेक्स लागतोय. त्याच्यावर ह्येचा फोटो मोठा असंल."

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून हनुमंत धनश्रीबरोबर शिरूरला गेला. त्यानं धुतलेला पांढरा सदरा घातला होता. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं सहज कुठं निघालात विचारलं, तर त्यानं विद्यापीठापासून सुरुवात करून शिरूर येईपर्यंत सगळं सांगितलं. धनश्री खिडकीबाहेर बघत राहिली, पण तिनं त्याला थांबवलं नाही.

कॉलेजात क्लार्कनं दाखला लिहायला घेतला. नाव, जन्मतारीख, वर्तणूक चांगली. मग पेन थांबवून त्यानं वर पाहिलं. "कॉलेज सोडण्याचं कारण? आम्ही 'पालकांच्या विनंतीवरून' असं टाकतो."

"आई-वडिलांच्या, असं लिवा," हनुमंत म्हणाला.

"एकच आहे ना काका ते."

"तरी लिवा."

क्लार्कनं धनश्रीकडं पाहिलं. तिनं मान हलवली. त्यानं आधी 'आई' लिहिलं, मग 'वडिलांच्या', आणि सहीसाठी कागद हनुमंतपुढं सरकवला.