बरीच इम्प्रूव्हमेंट आहे

सकाळी मोठे डॉक्टर फेरीला येत, पलंगाच्या पायाशी अडकवलेला तक्ता बघत आणि म्हणत, "इम्प्रूव्हमेंट आहे." मागचे दोन शिकाऊ डॉक्टर नंदीबैलासारख्या माना हलवत. नर्सकडून तो शब्द दारात उभ्या असलेल्या आत्याकडे जाई आणि आत्याच्या फोनवरून दुपारपर्यंत सगळ्या गोतावळ्यात पोचलेला असे.

लेक उशाशी बसून हे बघत होती. ताप उतरला की इम्प्रूव्हमेंट. नाही उतरला, तर चढला नाही हीच इम्प्रूव्हमेंट. परवा बोलता बोलता वडिलांची शुद्ध हरपली. तासाभराने ते शुद्धीवर आले, म्हणजे मग विचारायलाच नको. 'बरे झाले' म्हणायचं तर माणसाला निदान दारापर्यंत चालून दाखवावं लागतं. या शब्दाला काहीच दाखवावं लागत नव्हतं. वडील दिवसेंदिवस खंगत होते आणि शब्द बाळसं धरत होता.

तिला एकच गोष्ट कळायला हवी होती, परदेशातल्या धाकट्या भावाला बोलवायचं की नाही. त्याने डॉक्टरांना परस्पर फोन करून तो शब्द ऐकला होता आणि निवांतपणे पुढच्या महिन्याचं तिकीट काढलं होतं. शेवटी तिने डॉक्टरांना जिन्यात गाठलं आणि सरळच विचारलं, वडील पुढचा महिना बघतील का? डॉक्टर एक पायरी खाली उतरले आणि म्हणाले, कालच्या मानाने इम्प्रूव्हमेंट आहे. मागून आलेल्या आत्याने तिला बाजूला घेऊन झापलं. शुभ बोल म्हणावं, तर ही मांडवाला आग लावायला निघाली.

दुसऱ्या दिवशीच्या फेरीत डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी वडिलांनाच विचारलं, "काय आजोबा, कसं काय?"

वडिलांनी उशीवरून मान उचलायचा प्रयत्न केला. ती उचलली गेली नाही. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "बरीच इम्प्रूव्हमेंट आहे, डॉक्टरसाहेब."

डॉक्टरांचा चेहरा फुलला. एका शिकाऊने ते लगेच लिहून घेतलं. आत्या पदराने डोळे पुसत फोन घेऊन व्हरांड्यात धावली.

सगळे गेल्यावर वडिलांनी लेकीचं मनगट धरलं.

"त्याला बोलावून घे."

"बाबा, तुम्ही तर आत्ताच म्हणालात..."

"अगं, रोज येतात बिचारे. त्यांचं मन मोडवेना."

तिने तिथूनच भावाला फोन लावला. तो खुशीत होता. आत्याचा मेसेज आत्ताच आला होता, खुद्द बाबाच म्हणाले म्हणे. मग ताईने उगाच एवढं घाबरायचं कशाला?

"डॉक्टरांचं बरं आहे," ती म्हणाली. "आत्याचंही बरं आहे. बाबांचं नाही. तू आज नीघ."

पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि ओरडून कुणाला तरी बॅग कुठे आहे ते विचारल्याचा.

"निघतोय," तिने वडिलांना सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. झोप लागली असं तिला वाटलं, तेवढ्यात ते पुटपुटले, "त्याला म्हणावं, जेवून नीघ. नाहीतर उपाशीच धावत सुटेल."